मांडीवर बसलेला मुलगा सम्राट नव्हे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या रविवारच्या पुरवणीत चीनच्या शेवटच्या सम्राटावर आलेला लेख मी दोनदा वाचला. दुसऱ्यांदा हातात पेन्सिल होती. ३१ वर्षं शाळेत इतिहास शिकवला, त्यामुळे ती सवय आता सुटायची नाही. लेखासोबत १९०९ सालचं एक प्रसिद्ध छायाचित्र आहे. खुर्चीत बसलेला तरुण राजपुत्र, त्याच्या मांडीवर एक लहान मूल आणि शेजारी दुसरं मूल उभं. खाली ओळ छापली आहे, ‘पित्याच्या मांडीवर बालसम्राट पू-यी’. मांडीवर आहे तो धाकटा भाऊ पुजिए. सम्राट शेजारी उभा आहे.

अशी चूक कुणाकडूनही होते, तेवढ्यासाठी मी पत्र लिहिलं नसतं. पण लेखात या वडिलांबद्दल एकच वाक्य आहे. तोतरं बोलणारा हा बावळट राजपुत्र कारभारी झाला आणि त्याने अडीचशे वर्षांचं साम्राज्य तीन वर्षांत घालवलं, असं ते वाक्य. पुढे त्या माणसाचं नावसुद्धा येत नाही. नाव झायफेंग. जन्म १८८३, मृत्यू १९५१. त्याच्याबद्दल मी गेली काही वर्षं मिळेल तिथून वाचत आले आहे. त्याचं कारण पुढे सांगते.

झायफेंगच्या घरावर राजगादीची कृपा झाली असं लेखाच्या सुरुवातीला म्हटलं आहे. त्या घरातल्या माणसांना काय वाटलं होतं ते बघा. झायफेंगचे वडील यीश्वान हे दाओग्वांग सम्राटाचे सातवे पुत्र, आणि त्यांची पहिली पत्नी ही दरबाराची सूत्रं हाती असलेल्या राजमाता त्सूशीची सख्खी बहीण. १८७५ साली तरुण सम्राट निपुत्रिक वारला तेव्हा त्सूशीने बहिणीचा तीन वर्षांचा मुलगा गादीसाठी निवडला. ही बातमी ऐकून यीश्वान आनंदला नाही. तो रडत जमिनीवर कोसळला आणि त्याची शुद्ध हरपली. मेव्हणीला तो चांगला ओळखून होता. तो मुलगा म्हणजे ग्वांगशू सम्राट. पुढे सुधारणांचा प्रयत्न केला म्हणून त्याच त्सूशीने १८९८ पासून त्याला नजरकैदेत ठेवलं, आणि १९०८ मध्ये तो मेला तो आर्सेनिकच्या विषाने, हे शंभर वर्षांनी त्याच्या केसांच्या तपासणीतून सिद्ध झालं.

सम्राट ज्या घरात जन्मला त्या घरात मग इतर कुणी राहायचं नाही, अशी तिथली रीत होती. म्हणून यीश्वानच्या कुटुंबाला राहता वाडा सोडून बीजिंगमधल्या होउहाय तळ्याकाठी दुसऱ्या वाड्यात जावं लागलं. मुलगा गेला आणि पाठोपाठ घरही गेलं. झायफेंग हा यीश्वानच्या दुसऱ्या पत्नीचा मुलगा, त्या थोरल्या भावानंतर बारा वर्षांनी झालेला. त्याचा हा भाऊ सिंहासनावर होता, म्हणजे भेटायचं ते प्रजाजन म्हणूनच. सातव्या-आठव्या वर्षी वडील वारले आणि पदवी त्याच्याकडे आली.

‘बावळट’ या शब्दाला माझी पहिली हरकत १९०१ सालच्या एका प्रसंगावरून आहे. परदेशीयांविरुद्धच्या बॉक्सर बंडात बीजिंगमध्ये जर्मन राजदूत मारला गेला होता. त्याबद्दल माफी मागायला चीनने झायफेंगला जर्मनीला पाठवलं. वय १८. हरलेल्या देशाचा प्रतिनिधी, आयुष्यातला पहिला परदेशप्रवास. वाटेत कळलं की कैसरसमोर त्याच्या सोबतच्या अधिकाऱ्यांनी गुडघे टेकून जमिनीला कपाळ लावावं अशी जर्मनांची अपेक्षा आहे. झायफेंग स्वित्झर्लंडमध्ये बाझेलला थांबला. प्रकृती बरी नाही, असं कळवलं आणि तिथून हललाच नाही. शेवटी जर्मनांनी ती अट सोडली. मग तो पॉट्सडॅमला गेला, उभ्यानेच माफीचं पत्र वाचलं आणि परत आला. आज अठरा वर्षांच्या मुलाला आपण बारावीनंतर काय करायचं हे स्वतः ठरवू देत नाही.

परत आल्यावर त्सूशीने त्याचं लग्न परस्पर ठरवलं. आईने ठरवलेलं आधीचं स्थळ मोडायला लावलं आणि आपल्या विश्वासू सरदाराची, रोंगलूची, मुलगी योउलान त्याला दिली. १९०६ मध्ये पू-यी झाला आणि पुढच्या वर्षी पुजिए.

१३ नोव्हेंबर १९०८ च्या संध्याकाळी राजवाड्यातून माणसं आली. पू-यीला न्यायचं होतं, वय तीन वर्षांपेक्षाही कमी. झायफेंगच्या आईने, म्हणजे आजीने, हुकूम ऐकला आणि ती बेशुद्ध पडली. याच घराण्यातून ३३ वर्षांपूर्वी एक मुलगा असाच नेला होता. पोर रडत होतं, नेणाऱ्यांना मारत होतं. शेवटी दाईने छातीशी घेऊन दूध पाजलं तेव्हा गप्प झालं, आणि दाईसकटच त्याला नेलं. दुसऱ्या दिवशी ग्वांगशू गेला, तिसऱ्या दिवशी त्सूशी. अशा रीतीने २५ वर्षांचा झायफेंग मुलाच्या वतीने चाळीस कोटी माणसांच्या देशाचा कारभारी झाला.

२ डिसेंबरला राज्यारोहण झालं. थंडी कडाक्याची, दालन प्रचंड, एकामागून एक अधिकारी येऊन लोटांगण घालताहेत आणि एवढंसं पोर भल्यामोठ्या सिंहासनावर. ‘मला नाही आवडत इथं, मला घरी जायचंय’ म्हणून ते आकांत करू लागलं. झायफेंग सिंहासनाच्या पायथ्याशी एक गुडघा टेकून दोन्ही हातांनी मुलाला धरून होता. त्या थंडीतही त्याला घाम फुटला होता. ‘रडू नकोस, रडू नकोस, आत्ता संपेल हं, लगेच संपेल!’ दरबाऱ्यांनी हे ऐकलं आणि चेहरे पाडले, कारण राज्यारोहणाला ‘संपेल’ हा शब्द अपशकुनाचा. पुढे राज्य बुडालं तेव्हा लोक म्हणाले, बघा, बापानेच तोंडाने म्हटलं होतं.

संपादकमहोदय, रडणाऱ्या लेकराला दुसरं काय म्हणायचं असतं? दवाखान्यात सुई टोचताना पुण्यातली प्रत्येक आई हेच म्हणते.

त्याने चुका केल्या नाहीत असं मी मुळीच म्हणत नाही. नौदल एका भावाकडे आणि सैन्य दुसऱ्याकडे दिलं. १९११ च्या मे महिन्यात नेमलेल्या मंत्रिमंडळात १३ पैकी ९ मांचू, म्हणजे राज्यकर्त्या जमातीचे होते आणि त्यातले बरेच राजघराण्यातले. ज्यांना घटनात्मक राज्य येईल अशी आशा होती, त्यांचा यानंतर विश्वासच उडाला. मग रेल्वे सरकारच्या ताब्यात घेण्याचा निर्णय झाला, त्यावरून सिचुआनमध्ये असंतोष पेटला आणि १० ऑक्टोबरला वूचांगमध्ये सैन्याचा उठाव झाला. हे सगळं त्याच्या खात्यावर जमा आहे आणि राहावं.

पण त्याच खात्यावर आणखी एक नोंद आहे. १९१० मध्ये वांग जिंगवेई नावाच्या तरुण क्रांतिकारकाने आणि त्याच्या साथीदारांनी झायफेंगच्या जाण्यायेण्याच्या वाटेवरच्या पुलाखाली बॉम्ब पुरला. कट फुटला, माणसं पकडली गेली. कारभाऱ्यालाच मारायला निघालेल्यांना त्या काळच्या कायद्यात मरणाशिवाय दुसरी शिक्षा नव्हती. ती दिली गेली नाही. जन्मठेप झाली, आणि दीडेक वर्षात क्रांतीनंतर वांग सुटलाही. जो कारभारी फाशी देत नाही त्याला इतिहासात दुबळा म्हणायची पद्धत आहे. त्या पद्धतीबद्दल माझी तक्रार आहे.

६ डिसेंबर १९११ ला झायफेंगने कारभारीपदाचा राजीनामा दिला. वय २८. घरी येऊन तो बायकोला म्हणाला, ‘आजपासून मी घरी राहून मुलांना खेळवायला मोकळा झालो.’ योउलान रडली. नंतर तिने पुजिएला बजावलं, मोठा झालास की वडिलांसारखा निरिच्छ होऊ नकोस. हा प्रसंग पू-यीने आपल्या आत्मचरित्रात लिहिला आहे. मी तो पहिल्यांदा वाचला तेव्हा पुस्तक मिटून बराच वेळ बसून राहिले.

माझे वडील तोतरे बोलत. सरकारी कचेरीत कारकून होते. ‘प’ने सुरू होणारे शब्द त्यांना फार अडत, आणि राहायचं पुण्यात. बाहेरगावाहून परतताना एसटीच्या तिकीटखिडकीशी ते आधीच चिठ्ठीवर ‘पुणे २’ असं लिहून ठेवत आणि ती पुढे सरकवत. कधी चिठ्ठी विसरली की अंगठा तर्जनीवर दाबून धरायचे, मान किंचित तिरकी व्हायची, आणि मागच्या रांगेतून हसू ऐकू यायचं. मी त्यांचा हात धरून उभी असायची, म्हणून तो दाबलेला अंगठा मला जवळून माहीत आहे.

१९७१ मध्ये आजोबा गेले आणि नारायण पेठेतल्या आमच्या वाड्याच्या वाटण्या झाल्या. रस्त्याकडची बाजू, दोन दुकानांच्या गाळ्यांसकट, काकांना हवी होती. नाही मिळाली तर कोर्टात जाईन, असं त्यांनी चारचौघांत सांगितलं. हक्क वडिलांचाही तेवढाच होता. वडिलांनी कागद वाचला, सही केली आणि मागच्या बाजूच्या दोन खोल्या घेतल्या. आई दोन दिवस कुणाशी बोलली नाही. तिसऱ्या दिवशी नळावर शेजारची बाई दुसरीला म्हणाली, ‘ज्याला धड बोलता येत नाही, तो भांडणार काय?’ मी १३ वर्षांची होते. भांडायचं नव्हतं म्हणून ते भांडले नाहीत, हे मला त्या बाईला सांगता आलं नाही.

लेखातलं ते वाक्य वाचल्यावर मला नळावरची बाई आठवली. तोतरेपणा जिभेचा असतो. तो माणसाच्या निश्चयाला लावता येत नाही आणि बुद्धीलाही नाही. लेखकाने ‘तोतरा’ आणि ‘बावळट’ हे दोन शब्द एकामागोमाग एक लिहिले. आपलं वर्तमानपत्र शाळेतली मुलंही वाचतात, आणि दर एकदोन वर्गांत एक तरी मूल असं अडखळत बोलणारं असतंच. मी वर्गात अशा मुलाला कधी मोठ्याने वाचायला लावलं नाही, पण कधी वगळलंही नाही. तो फळ्यावर लिहायचा.

सत्ता सोडणं म्हणजे काय हे तर पुणेकरांना सांगायला नको. ३० ऑगस्ट १७७३ ला शनिवारवाड्यात १८ वर्षांच्या नारायणरावांचा खून झाला, तो काकाला गादी हवी होती म्हणून. पुढच्या वर्षी सवाई माधवराव जन्मल्यावर चाळिसाव्या दिवशी त्यांना पेशवाईची वस्त्रं मिळाली, आणि २१ व्या वर्षी त्याच वाड्यात वरून पडून ते गेले. मुलांना सहलीला तिथे नेलं की ‘काका मला वाचवा’ कुठं ऐकू येतं एवढंच ती विचारत. मी त्यांना कारंज्याजवळ बसवून सांगायची, चाळीस दिवसांच्या बाळाला वस्त्रं कशी घातली असतील त्याचा विचार करा. झायफेंगच्या हाती साम्राज्य होतं आणि गादीवर स्वतःचाच पोर होता. त्याला आणखी वर्ष-दोन वर्षं माणसं मारत राहता आलं असतं. तो घरी गेला. १२ फेब्रुवारी १९१२ ला ग्वांगशूची विधवा, राजमाता लोंगयू हिने सहा वर्षांच्या पू-यीच्या वतीने गादी सोडली. त्याच वर्षी सप्टेंबरात क्रांतीचे नेते सन यत्-सेन बीजिंगला आले तेव्हा या राजपुत्राच्या घरी जाऊन भेटले आणि त्याने सत्ता सोडली याबद्दल त्याची प्रशंसा केली. क्रांती करणाऱ्याला जे दिसलं ते आपल्या लेखकालाही दिसायला हरकत नव्हती.

घरी गेलेल्या झायफेंगला सुख मिळालं असंही नाही. गादी सोडतानाच्या करारानुसार पू-यी पदवीनिशी राजवाड्यातच राहिला. बाप दोन महिन्यांतून एकदा मुलाचा अभ्यास बघायला जायचा आणि दोन मिनिटांच्या वर थांबायचा नाही. ‘छान, छान, महाराजांनी नीट अभ्यास करावा’ एवढं अडखळत म्हणायचा, आणि बोलताना टोपीवरचं मोरपीस थरथरायचं. मुलाने हे लिहिताना वडिलांना जरा हसूनच लिहिलं आहे. मला ते मोरपीस दिसतं आणि हसू येत नाही.

१९२१ मध्ये राजवैद्याला काढून टाकण्यावरून पंधरा वर्षांच्या पू-यीचं राजवाड्यातल्या एका वडीलधाऱ्या राणीशी भांडण झालं. तिने मुलाच्या आजीला आणि आईला बोलावून घेतलं आणि दोघींना गुडघ्यांवर बसवून फैलावर घेतलं. योउलानला आयुष्यात असं कुणी बोललं नव्हतं. घरी जाऊन तिने अफू गिळली. नवऱ्याला निरिच्छ म्हणणारी, मुलाला मोठं झालेलं बघायची आस असणारी ती बाई त्याच गादीपायी गेली.

झायफेंगच्या अभ्यासिकेत एक दुओळी टांगलेली असे. ज्याच्याकडे पुस्तकं तो खरा श्रीमंत, ज्याला काही काम नाही तो छोटासा देव, असा तिचा अर्थ. त्याला आकाशाचा फार नाद होता. रोजनिशीत त्याने ग्रहणांच्या आकृत्या काढून ठेवल्या होत्या. वेगळ्या काळात आणि वेगळ्या घरात जन्मला असता तर तो खगोलशास्त्रज्ञ झाला असता, असं पू-यीनेच लिहिलं आहे.

हे वाचलं आणि मी माळ्यावरची ट्रंक काढली. १६ फेब्रुवारी १९८० चं सूर्यग्रहण जुन्या पुणेकरांना आठवत असेल. दुपारी रस्ते ओस होते, लोक दारंखिडक्या लावून घरात बसले होते. वडील मागच्या अंगणात शहाबादी फरशीवर पांढरा कागद घालून बसले. पुठ्ठ्याला दाभणाने भोक पाडलं होतं आणि ते मी धरून उभी होते. कागदावर वाटाण्याएवढा सूर्य पडला होता आणि दर काही मिनिटांनी त्याचा चावा मोठा होत होता. प्रत्येक वेळी वडील पेन्सिलीने त्याची कड गिरवत आणि शेजारी वेळ लिहीत. त्या तासाभरात ते माझ्याशी सलग बोलले, ‘पृथ्वी’सुद्धा न अडखळता म्हणाले. ट्रंकेत ती वही सापडली. पेन्सिल पुसट झाली आहे, पण कडा कळतात.

लेखात मुलांची कथाही अर्धीच आली आहे. पू-यी जपान्यांच्या हातचं बाहुलं होऊन मांचुकुओचा, म्हणजे त्यांनी मांचुरियात उभ्या केलेल्या राज्याचा, सम्राट झाला, हे आलं. पण झायफेंगला तो मार्ग पसंत नव्हता. १९३४ मध्ये तो मुलाला भेटायला तिथे गेला, थोडे दिवस राहिला आणि परत आला. आयुष्यभर सौम्य बोललेल्या माणसाचं हे ‘नाही’ लेखकाने ऐकलंच नाही. पुजिए मात्र थोरल्या भावाबरोबर गेला. १९३७ मध्ये त्याचं जपानी सरदारघराण्यातल्या मुलीशी लग्न लावून दिलं गेलं, आणि ठरवून केलेल्या त्या लग्नात खरं प्रेम झालं. युद्धानंतर तो पंधरा वर्षं बंदिवासात होता, आधी रशियनांच्या आणि मग चीनमध्ये. बायको दोन मुलींसह जपानात. १९५४ मध्ये थोरल्या मुलीने पंतप्रधान चाउ एन-लाय यांना स्वतः चिनी भाषेत पत्र लिहिलं, की मला माझ्या वडिलांशी पत्रव्यवहार करू द्या. परवानगी मिळाली. पण ती मुलगी १९५७ मध्ये गेली, वयाच्या एकोणिसाव्या वर्षी. बाप सुटला १९६० मध्ये.

आणि धाकटा पुरेन तर लेखात नाहीच! जन्म १९१८ चा, गादी गेल्यानंतरचा. तो वडिलांजवळ राहिला. १९४७ मध्ये याने त्याच होउहायच्या वाड्यात प्राथमिक शाळा काढली. आपण मुख्याध्यापक झाला आणि बहिणींना शिकवायला उभं केलं. ज्या घरातून पू-यीला उचलून सिंहासनावर नेलं, त्या घरात शेजारपाजारची मुलं पाढे म्हणायला येऊ लागली. झायफेंगने हे डोळ्यांनी बघितलं. १९४९ मध्ये वाडा सरकारला विकला गेला आणि दोन वर्षांनी तो गेला. पुरेनने पुढे शाळा सरकारकडे सोपवली आणि साधा शिक्षक म्हणून नोकरी केली, ती १९८८ पर्यंत. घराण्याचं मांचू नाव आइसिन ग्योरो, त्यातल्या ‘आइसिन’चा अर्थ सोनं. त्याऐवजी त्याने ‘जिन’ हे चिनी आडनाव लावलं, त्याचाही अर्थ सोनंच. वर्गातल्या मुलांचा तो ‘जिन सर’. २०१५ मध्ये वयाच्या ९६ व्या वर्षी वारला.

माझी एक विद्यार्थिनी कामानिमित्त बीजिंगला असते. तिला मी कळवलं तशी ती सुट्टीच्या दिवशी होउहायला जाऊन आली. वाड्याच्या बागेच्या भागात आता सन यत्-सेन यांच्या पत्नी सुंग चिंग-लिंग यांचं स्मारक आहे, कारण त्या १९६३ पासून अखेरपर्यंत तिथे राहिल्या. तळ्याकाठी वाळुंजाची झाडं आहेत, म्हातारी माणसं पट मांडून बसलेली असतात. तिने बाहेरच्या भिंतीचा फोटो पाठवला. राखाडी विटा आहेत, बाकी काही नाही. तो मी पुरेनच्या शाळेसाठी जपून ठेवला आहे.

तेव्हा दोन विनंत्या. ‘बावळट’ हा शब्द लेखकाने मागे घ्यावा. त्यांना योग्य वाटलं तर झायफेंगवर स्वतंत्र लिहावं, माझ्याकडची टिपणं मी आनंदाने पाठवीन. आणि येत्या रविवारी छायाचित्राखालची ओळ दुरुस्त करून छापावी: बसलेला झायफेंग, मांडीवर पुजिए, शेजारी उभा पू-यी.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका
नारायण पेठ, पुणे ३०